निविदा विभागात नवीन आलात? लखोटा उघडण्याआधी हे वाचा

कोकण किनाऱ्यावरच्या एका लहान नगरपरिषदेत मी १२ वर्षं निविदांचं काम पाहतोय. गटार, रस्ता, दिवाबत्ती यांत एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा निविदाकार, काढणं महिन्याभरात जमतं. कस लागतो तो सल्लागार नेमताना, कारण तिथे कामाचा दर्जा आणि दर, दोन्हींना गुण असतात.

माझ्या पहिल्याच वर्षी पाणीयोजनेच्या प्रकल्प अहवालासाठी तीन निविदा आल्या. तांत्रिक बाजूला ७० टक्के वजन, दराला ३०. दराचे गुण नेहमीच्या सूत्राने: सर्वांत कमी दर भागिले त्या निविदाकाराचा दर, गुणिले १००. आकडे सोपे करून देतो. अ: तांत्रिक ८८, दर ५० लाख. ब: ८०, ४० लाख. क: ६०, २० लाख. वजन लावून बेरीज केली तर अ ७३.६, क ७२, ब ७१. अ पहिला.

मग समितीतल्या एकांनी क चा अनुभवाचा दाखला अटीत बसत नाही म्हणून हरकत घेतली. क बाद झाला. तक्ता पुन्हा मांडला तर ब ८६, अ ८५.६! अ आणि ब यांच्या कागदांतलं एक अक्षर बदललं नव्हतं. झालं असं, की सर्वांत कमी दर २० लाखांवरून ४० लाखांवर गेला आणि दरातली ब ची आघाडी ३ गुणांची ६ झाली. तांत्रिक गुणांत अ ५.६ ने पुढे होता, तो तिथेच राहिला.

मी हादरलो. हरकत खरीही असेल, पण दर कळल्यावर क ला ठेवायचं की काढायचं हे ठरवणारा माणूस अ आणि ब मधला विजेताही ठरवत होता. आमचं गाव एवढंसं. निविदाकाराचा माणूस शिमग्यात पालखीपाशी भेटतो. लोकांना काय सांगणार? शेवटी फेरनिविदा काढली. तोवर पाऊस लागला, सर्वेक्षण दिवाळीपलीकडे गेलं आणि वरच्या वाड्यांनी आणखी एक उन्हाळा टँकरवर काढला. ते मला अजून लागतं.

म्हणून सूचना प्रसिद्ध करण्याआधी पाच-सहा काल्पनिक दर घालून सूत्र चालवून बघा. किमान तांत्रिक गुण ७० किंवा ७५ ठेवा, म्हणजे ६० वाला दरापर्यंत येणारच नाही. तांत्रिक निकाल सर्वांना कळवा, हरकती लेखी निकाली काढा, मगच आर्थिक लखोटा उघडा. अपात्राचा उघडूच नका. २०२१ च्या ऑक्टोबरपासून केंद्राच्या कामांत दर्जा आणि दर दोन्हींना गुण देण्याची ही पद्धत सल्लागारांपलीकडे, बांधकामांनाही काही अटींवर लावता येते. तिथे दर्जाचं वजन ३० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. तेव्हा हा हिशेब तुमच्याही टेबलावर येईल.

सदस्यांनी गुण वेगवेगळे बसून द्यावेत आणि प्रत्येक गुणाशेजारी एक ओळ कारण लिहावं. साहेब घाईत असले तरी ती ओळ लिहून घ्याच. मागच्या वर्षी हरलेल्या एका निविदाकाराने कागद मागितले. अर्धा तास वाचत बसले, दोन प्रश्न विचारले आणि फाईल परत देऊन गेले.