गाडीत बिऱ्हाड घेऊन घरी परतताना

डेहराडूनहून लातूरपर्यंत आम्ही दोघं आमच्या ट्रॅव्हलर गाडीत संसार मांडून नऊ दिवसांत आलो. तुम्ही निघणार असाल तर आधी पाण्याचा हिशेब करा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून माझा हात जपूनच आहे. दोघांना दिवसाला १५ लिटर पुरतं. पिण्याचं वेगळ्या कॅनमध्ये, बाकीचं टाकीत. एक लिटर म्हणजे एक किलो ओझं, म्हणून घाट उतरताना टाकी अर्धीच ठेवा.

१२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका, लवकर मरते. ह्यांनी मध्य प्रदेशात सागरच्या मुक्कामी रात्रभर पंखा चालवला आणि सकाळी दिवाही लागेना. झोपताना गॅसचा रेग्युलेटर बंद, खिडकी बोटभर उघडी. यात कुणाचंही ऐकू नका.

वाट सोपी आहे: ४४ नंबरचा महामार्ग, बुटीबोरीला ३६१ वर वळा, मग वर्धा, यवतमाळ, नांदेड.

शिदोरीला दुधातल्या दशम्या आणि शेंगांची चटणी, पहिले दोन दिवस चूल पेटवावीच लागत नाही.

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर घ्या आणि तिथंच मुक्काम करा. घर जवळ आलं म्हणून रात्री पुढं रेटावंसं वाटतं, आम्हालाही वाटलं. पण ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागं दिवा नसताना चालतात. उजाडल्यावर निघा, लोहा-अहमदपूर करत जेवायला घरी पोचाल.