दुसऱ्याच्या कानांनी अल्बम कसा ऐकावा

नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांना मी एकदा सांगितलं, की 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम मला पाठ आहे. त्यांनी चालता चालता विचारलं, "गिटारवर कोण आहे, सांग बरं?" संतूरवर शिवकुमार शर्मा आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, इथपर्यंत मला माहीत होतं. गिटारपाशी मी अडलो. "मग इतके दिवस काय ऐकून राह्यला तू? घरी जा अन् फक्त गिटार ऐक. बाकीच्यांकडं लक्षच देऊ नको."

१९६७ चा तो अल्बम मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत, त्यामुळे तिच्यातून गळ्यासारखी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघे. संतूरचा स्वर आघातानं उमटतो आणि लगेच विरायला लागतो. तो विरतो तिथे गिटारचा लांब स्वर कसा तरंगत राहतो, हे एकदा कानाला सापडलं आणि अल्बममध्ये रंगवलेला काश्मीरमधल्या मेंढपाळाचा अख्खा दिवस, पहाटेच्या अहीर भैरव रागापासून शेवटच्या पहाडी रागापर्यंत, मला वेगळाच दिसायला लागला.

तेव्हापासून मी नवे-जुने अल्बम याच रीतीनं ऐकतो. रीत सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही.

पहिलं: माणूस शोधा, यादी नको

"काहीतरी चांगलं सुचव ना" म्हटलं की पंचवीस नावं येतात, फोनमध्ये पडून राहतात आणि जेवण झाल्यावर आपण पुन्हा तीच ओळखीची दहा गाणी लावतो. त्यापेक्षा एक माणूस गाठा. त्याची आवड तुमच्याशी निम्मी जुळावी आणि निम्मी जुळू नये. पूर्ण जुळली तर तो तुम्हाला माहीत असलेलंच सांगेल.

अशी माणसं नागपुरात भरपूर आहेत. सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात मध्यंतरात चहा घेऊन कोपऱ्यात उभी असतात, आत्ता ऐकलेल्या तानेवर हळू आवाजात बोलत असतात. जवळ जाऊन बोललं तर कुणी हाकलत नाही. ज्यांचं नाव त्या सभागृहाला आहे, ते वसंतराव इथेच शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले आणि पुढे किराणा, पतियाळा, भेंडीबाजार अशा निरनिराळ्या घराण्यांच्या गुरूंकडून घेत राहिले. ऐकणाऱ्यानंही एकाच दारात बसून राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं: तीन प्रश्न विचारा

तू कुठल्या अल्बमकडे वर्षानुवर्षं परत जातोस? कोणत्या वेळी ऐकतोस? आणि मी पहिल्यांदा ऐकताना काय धरून ठेवू?

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जॅझ आपल्याला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. सदरला राहणाऱ्या, बास गिटार वाजवणाऱ्या एका मित्राला मी हे तीन प्रश्न विचारले. त्यानं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' सांगितला. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम. मित्र म्हणाला, "पहिलं गाणं लाव, 'सो व्हॉट'. सुरुवातीचं संथ झालं की बास बोलतो. तो बोलला की बाकीचे दोनच स्वरांत उत्तर देतात. तेवढं धर." मी धरलं. आणि लक्षात आलं, की हा तर सवाल-जवाब! कलगी-तुऱ्याच्या फडात शाहीर सवाल टाकतो आणि समोरून जवाब येतो, तसंच. एरवी अशा संगीतात मुख्य धून बहुतेक वेळा ट्रम्पेट-सॅक्सोफोन धरतात. इथे ती बासवादक पॉल चेंबर्सच्या जाड तारांवर आहे. एवढा धागा हातात आल्यावर पुढची चाळीसेक मिनिटं परकी वाटली नाहीत.

तिसरं: अल्बम अख्खा आणि मूळ क्रमानं लावा

ॲपमध्ये शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमानं वाजवणं, बंद करा. मग मूळ अल्बममध्ये किती तुकडे होते ते बघा. नंतरच्या आवृत्त्यांत शेवटी जादा ध्वनिमुद्रणं जोडलेली असतात. पहिल्या ऐकण्यात मूळ अल्बम संपतो तिथे थांबा. एल.पी.च्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बसत आणि त्या हिशेबानंच गाण्यांचा क्रम लावला जाई. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूला तीन तुकडे आहेत, दुसऱ्या बाजूला दोन. तिसऱ्यानंतर उठून पाणी प्या, मग पुढे जा. हा श्वास त्या मांडणीतच आहे.

चौथं: कूलरचा विचार करा

बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आपल्या घरात दिवसरात्र कूलर घरघरत असतो. त्या घरघरीत तानपुरा बुडतो, बासचे खालचे स्वर बुडतात, गायकानं हळूच घेतलेला श्वास तर ऐकूच येत नाही. आपण आवाज वाढवतो, मग वरचे स्वर टोचायला लागतात आणि "अल्बम काही खास नाही" म्हणून बंद करतो. चूक अल्बमची नसते.

म्हणून उन्हाळ्यात शांत अल्बम पहाटे साडेपाचला लावा. खिडक्या उघड्या, कूलर बंद, आवाज बेताचा. दुपारी ढोल-ताशाचं, रॉकचं, कव्वालीचं काय ते ऐका, ते कूलरला पुरून उरतं. रेकॉर्डी असतील तर त्या उभ्या ठेवा आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून मुळीच नको. आपल्या उन्हात तबकडी वाकते आणि वाकलेली सरळ होत नाही.

पाचवं: तीनदा ऐका

पहिल्यांदा काहीही न शोधता. दुसऱ्यांदा सांगणाऱ्यानं दाखवलेली जागा धरून. तिसऱ्यांदा आठवड्यानं, आणि तेव्हा स्वतःची एक जागा शोधा.

सहावं: माळ्यावरचं खाली काढा

नवं शोधण्याइतकंच जुन्याकडे परतणं मोठं आहे, आणि त्यालाही दुसऱ्याचा कान लागतो. इंडियन ओशन या बँडचा 'कंदिसा' २००० साली आला, तेव्हापासून माझ्याकडे त्याची कॅसेट आहे. परवा भाचीनं तो अल्बम ऐकला आणि विचारलं, "मामा, यात तबला वाजवणारा माणूसच गातोय, माहीत होतं तुला?" असीम चक्रवर्ती गायचे हे माहीत होतं, तबला त्यांचा हेही माहीत होतं. पण गळा आणि हात एकाच देहाचे आहेत, हे डोक्यात ठेवून मी कधी ऐकलंच नव्हतं. आता ओळ कुठे उचलली जाते आणि हात कुठे पडतो तेच ऐकत बसतो. ज्या गाण्यावरून अल्बमला नाव मिळालं, ती केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची प्राचीन अरामी भाषेतली प्रार्थना आहे, हेही मला तिनंच सांगितलं. असीम २००९ मध्ये गेले. ते ठाऊक असताना हा अल्बम ऐकणं वेगळं असतं.

कॅसेट बरीच वर्षं पडून असेल तर एकदम लावू नका. चक्रात पेन्सिल घालून फीत ताठ करा, मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा आणि नंतरच वाजवा. मी हे न करता एक कॅसेट लावली होती. फीत यंत्रात गुंडाळली गेली आणि आईच्या आवडीची अख्खी बाजू गेली.

सातवं: परत जाऊन सांगा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ज्यानं अल्बम दिला त्याला आठवड्याभरात सांगा, की कुठे थांबलो, काय आवडलं, कुठे कंटाळा आला. नाही आवडला तर तसंही सांगा, फक्त जागा दाखवून सांगा. एका वहीत तारीख, सांगणाऱ्याचं नाव आणि एक ओळ लिहून ठेवा. आणि बदल्यात तुमचा एकच अल्बम द्या, त्यातल्या एका जागेसकट.

मी दोन दिवसांनी काकांना गाठलं आणि गिटारबद्दल तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोलत राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता गिटार सोड. तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. उद्या त्यांना ऐकून ये."