इंटरडिसिप्लिनरी डिग्रीसाठी लोन काढताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की बडोद्यात दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत घरोघरी ॲडमिशनचीच चर्चा, आणि हल्ली त्यात इंटरडिसिप्लिनरी स्टडीजची भर पडलीये, म्हणजे थोडं अर्थशास्त्र, थोडं सायकॉलॉजी, थोडं डेटाचं काम, चार वर्षं, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची फी ऐकून बाबा गप्प. डिग्री वाईट नाहीये हो. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबियाला गेलेल्या आंबेडकरांनी तरी काय केलं, अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं सगळं घेतलंच की. पण त्यांच्याकडे शिष्यवृत्ती होती (अट होती ती परत येऊन संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची), आपल्याकडे बँकेचं लोन असतं, आणि त्याचा हिशेब करतानाच लोक घोळ घालतात.

सगळ्यात मोठा घोळ पॅकेजच्या आकड्याचा. ब्रोशरमध्ये छापलेलं हायेस्ट पॅकेज सोडून द्या, ॲव्हरेजही सोडा. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची (म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगची) पीडीएफ असते ती उघडा, त्यात प्लेसमेंट अँड हायर स्टडीजचा तक्ता असतो, किती ॲडमिट झाले, किती वेळेत पास झाले, किती प्लेस झाले, त्यांचा मीडियन पगार (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो तो मधला आकडा) किती आणि किती जण पुढे शिकायला गेले. आता गंमत अशी की हा तक्ता कोर्सप्रमाणे नसतो, कोर्स किती वर्षांचा त्याप्रमाणे असतो. म्हणजे चार वर्षांच्या ओळीत बी.टेक. कॉम्प्युटरवाले आणि तुमची इंटरडिसिप्लिनरीवाली मुलगी एकत्र, आणि मीडियन वर गेलाय तो कोणामुळे हे कळायला मार्ग नाही. शिवाय तो पगार फक्त प्लेस झालेल्यांचा. समजा 100 पास झाले, 40 प्लेस झाले, 25 पुढे शिकायला गेले, तर उरलेले 35 कुठेयत? ॲडमिशन ऑफिसला हेच विचारा, आणि फक्त तुमच्याच कोर्सची मागच्या तीन बॅचची यादी मागा, कंपनी, पद आणि पगारासकट. टाळाटाळ झाली तर काय ते समजून घ्या.

दुसरं म्हणजे, "फी 3 लाख, चार वर्षं, म्हणजे लोन 12 लाख" हे गणित. अहो, शिकत असतानाही व्याज चालूच असतं. ईएमआय साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, आणि 10 टक्के सरळ व्याज धरलं, दर वर्षाच्या सुरुवातीला 3 लाख उचलले, तर तोपर्यंत 4.20 लाख व्याज चढलेलं असतं. देणं झालं 16.20 लाख. दहा वर्षांत फेडायचं तर ईएमआय जवळपास 21,400, नुसत्या 12 लाखांवर तो 15,850च्या आसपास आला असता. आता 5 लाखांचं पॅकेज मिळालं असं धरू. पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे जाऊन हातात येतात 35-36 हजार, त्यातून ईएमआय गेला की उरतात चौदा-पंधरा, आणि नोकरी पुण्यात किंवा बंगलोरला असेल तर भाडं कशातून देणार? माझं मत विचाराल तर ईएमआय हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका, आणि तो पगारही यादीतल्या खालच्या अर्ध्यातल्या मुलांचा धरा.

सबसिडी मिळेलच असंही धरून चालू नका. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्र सरकारच्या एज्युकेशन लोन योजनेमध्ये 10 लाखांपर्यंतच्या लोनवर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं, कॉलेज त्यांच्या यादीत हवं आणि ॲडमिशन मेरिटवर हवी. इन्कम टॅक्समधली एज्युकेशन लोनची सूट फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि तीही जुन्या टॅक्स रिजीममध्येच.

अमेरिकेला पाठवणारे कॉलेज स्कोअरकार्ड (तिथल्या सरकारची कॉलेजांची तुलना करणारी वेबसाइट) बघतात, चांगलंच आहे, पण त्यातली कमाई आणि कर्ज हे तिथल्या सरकारी मदतीवर शिकलेल्यांचं असतं, आपली मुलं त्यात येतच नाहीत. आणि अमेरिकेतल्या कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी नंबर, नक्की बघा. आय-20 वर (कॉलेज व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवर) तो छापलेला असतो, डेटा सायन्सचा कोड स्टेममध्ये, म्हणजे सायन्स-टेक्नॉलॉजीच्या यादीत, आहे म्हणून ओपीटीच्या (शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीच्या) 12 महिन्यांवर आणखी 24 महिने मिळू शकतात, नुसत्या जनरल इंटरडिसिप्लिनरी कोडवर ते मिळत नाहीत, म्हणजे डॉलरमध्ये कमवून लोन फेडायचा वेळच कमी.

आणि लोन आधीच घेतलं असेल तर? निदान व्याज तरी दर महिन्याला भरत जा, बऱ्याच बँका शिकत असताना व्याज भरलं तर दरात 1 टक्का सूट देतात, ब्रँचमध्ये जाऊन विचारा, स्वतःहून कोणी सांगत नाही. एक मेजर विषय पक्का करा, कारण बी.एड. किंवा एम.ए.ला त्या विषयाचे पुरेसे क्रेडिट्स आहेत का हे बघतात. एमबीए, बँक पीओ किंवा यूपीएससीला कुठलीही डिग्री चालते, तिकडची काळजी नाही. नोकरी लांबली तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत अर्ज द्या, लोनमध्ये को-बॉरोअर म्हणून सही बाबांची असते, त्यामुळे हप्ता चुकला की मुलाबरोबर त्यांचाही सिबिल खाली येतो.