सोसायटीच्या झाडांवरील अँब्रोसिया भुंगेरे ओळखण्यासाठी सॅनिटायझरचा सापळा

आंब्याच्या बुंध्यावर भोक दिसले की आपल्याकडे पहिला संशय भिरुडावर, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्यावर जातो. पण भोक टाचणीच्या डोक्याएवढे, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे आणि अगदी गोल असेल आणि त्यातून बारीक शेवेच्या काडीसारखा दाबलेला भुसा बाहेर आलेला असेल, तर तो अँब्रोसिया भुंगेरा असण्याची शक्यता अधिक असते. ही काडी हात लागताच किंवा पावसाच्या एका सरीने मोडते, म्हणून बुंध्याची पाहणी सकाळी, झाडलोट होण्यापूर्वी करावी.

हा कीटक लाकूड खात नाही. मादी आपल्या शरीरातील एका लहानशा पिशवीत बुरशीचे बीजाणू घेऊन येते, खोडात बोगदा कोरते, त्याच्या भिंतींवर बुरशी वाढवते आणि तीच बुरशी स्वतः खाऊन पिलांनाही खाऊ घालते. त्यामुळे झाड निवडताना तिला बुरशीची सोय पाहावी लागते, आणि ही निवड ती मुख्यतः वासावर करते. पावसाळ्यात मुळांभोवती पाणी साचले, किंवा पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटने बुंधा आवळला गेला, की मुळांना प्राणवायू कमी पडतो, पेशींमध्ये किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया सुरू होते आणि तयार झालेले इथेनॉल (मद्यार्क) सालीतून बाहेर पडू लागते. वरून हिरवेगार दिसणाऱ्या झाडाची ही घुसमट आपल्याला कळण्याआधी भुंगेऱ्याला कळते.

तिला नेमका हाच वास का भावतो, याचे उत्तर अमेरिका आणि जर्मनीतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. इथेनॉल असलेल्या माध्यमावर अँब्रोसिएला आणि राफेलिया या भुंगेऱ्यांच्या बुरश्या जोमाने वाढल्या, तर त्यांच्या बागेत तणासारख्या माजणाऱ्या अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरश्या खुंटल्या. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर झाडातील मद्यार्कच तिच्यासाठी निंदणी करतो.

सापळ्याचे तत्त्वही हेच आहे. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली धुऊन घ्यावी, मध्यभागी समोरासमोर दोन मोठ्या खिडक्या कापाव्यात आणि तळाला भोक पाडून त्यातून तार ओवून बाटली उलटी टांगावी. उलटी टांगल्यामुळे तळाचे छप्पर होते आणि घट्ट झाकण लावलेल्या मानेकडच्या भागाची वाटी होते. या वाटीत साधारण अर्धा कप सॅनिटायझर ओतावा. तोच आमिष ठरतो आणि आत पडलेले कीटक त्यातच टिकून राहतात. सॅनिटायझर घेताना बाटलीवरील घटक अवश्य वाचावेत. इथाइल अल्कोहोल किंवा इथेनॉल लिहिलेला, शक्यतो बिनवासाचा जेल हवा. मी पहिल्या खेपेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा घेतला आणि आठ दिवस मुंग्या मोजत बसलो. जेल ज्वलनशील असल्यामुळे बाटली देवडीतल्या दिव्याजवळ किंवा मुलांच्या हाताशी येईल अशी टांगू नये.

बाटली जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर, सावलीत असावी. ती आजारी झाडालाच टांगण्याची चूक बहुतेक जण करतात. आमिषाने आलेले सगळेच बाटलीत शिरत नाहीत, काही शेजारच्या खोडावर बसतात. म्हणून ती झाडांपासून काही मीटर दूर, कुंपणाच्या खांबाला लावावी. शेजारी नुसत्या साबणाच्या पाण्याची दुसरी बाटली ठेवली, तर कोण वासाने आले आणि कोण वाट चुकून, हे कळते. ठाण्याच्या उन्हात जेल लवकर सुकतो, म्हणून दर तीन-चार दिवसांनी भर घालावी. येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांनी बाटली आपल्या आवाराच्या आतच लावावी. पलीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे आणि तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय सापळा लावता येत नाही.

आठवड्याने जेलमध्ये पाणी मिसळून ते चहाच्या गाळणीतून गाळावे आणि आलेला ऐवज पांढऱ्या बशीत पसरून भिंगाखाली पाहावा. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, तपकिरी, दंडगोल, वरून पाहिल्यास डोके छातीच्या ढालीखाली दडलेले आणि मागचा भाग उतरता, असा कीटक दिसला तर तो या गटातला असू शकतो. नेमकी जात ठरवणे हे तज्ज्ञाचे काम आहे. सापडलेला प्रत्येक भुंगेरा परका असतो असेही नाही. झायलोसँड्रस क्रॅसियुस्क्युलस हा अँब्रोसिया भुंगेरा मूळचा आशियातलाच. अमेरिकेत मात्र तो १९७४ मध्ये दक्षिण कॅरोलायनात आढळला आणि तेथे उपरा उपद्रवी ठरला. बोगद्यातल्या मादीची भावंडांशीच जोडी जमत असल्याने लाकडातून गेलेली एकटी मादीही नवी वसाहत उभारू शकते.

बाटली रिकामी राहिली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण सगळ्यांना इथेनॉल सारखेच आवडत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये जॉर्जियात प्रथम सापडलेला झायलेबोरस ग्लॅब्रेटस हा भुंगेरा इथेनॉलला फारसा भुलत नाही. त्याला लॉरेल कुळातील झाडांची सुगंधी द्रव्ये आणि त्याच्याच राफेलिया लॉरिकोला या बुरशीचा वास ओढतो. या बुरशीच्या वासात पिकल्या केळ्याची आठवण करून देणारे आयसोअमाइल अॅसिटेटही असते. याच बुरशीने तेथे रेडबे आणि अॅव्होकाडोची झाडे मारली.

खोडावर शेवेच्या काड्या दिसल्याच, तर फवारणीवर पैसे घालवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. आतला कीटक विषारी झालेले लाकूड खातच नाही. आधी बुंध्याभोवतीचे सिमेंट फोडावे, माती मोकळी करावी आणि साचलेल्या पाण्याला उतार द्यावा. आमच्या सोसायटीत ठेकेदाराने आंब्याच्या सालीला भिडवून पेव्हर बसवले होते, ते मीटरभर उखडायला दोन सभा लागल्या. फांदी किंवा झाड तोडायचे असेल, तर १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष अधिनियमाप्रमाणे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी. तोडलेल्या फांद्या कोपऱ्यात रचून ठेवू नयेत, कारण ओलसर लाकडात बुरशी आणि पिले वाढतच राहतात. बारीक तुकडे करून ते उन्हात पूर्ण वाळू द्यावेत.