साठीनंतर दातांना तारा : सवय कशी करून घ्यावी

दातांना तारा बसवल्या की दवाखान्यातून सूचनांचा एक छापील कागद मिळतो. कडक खाऊ नका, चिकट खाऊ नका, ब्रश नीट करा. त्यातली सूचना एकही चुकीची नसते, पण तो लिहिलेला असतो शाळकरी मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. त्यांच्या तोंडात कॅप नसते, ब्रिज नसतो, हिरड्या मागे सरकलेल्या नसतात. गोळ्यांमुळे तोंडाला कोरड पडत नाही आणि आरशात ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेले छोटे तुकडे, दिसायला चष्मा लागत नाही. माझे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढून फटीत अन्न अडकायला लागलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून मी साठी उलटल्यावर तारा लावून घेतल्या. त्या कागदात जे लिहिलेलं नसतं, ते इथे सांगते आहे.

आधी एक शंका दूर करते, कारण ती जवळजवळ प्रत्येक जण विचारतो : या वयात दात हलतात का? हलतात. दात हाडात थेट रुतलेला नसतो. दोघांच्या मध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेचा दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवीन हाड भरतं. हे काम करणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करतात. वयस्कांमध्ये सुरुवात थोडी उशिरा होते आणि वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. वयापेक्षा हिरड्या आणि हाड किती निरोगी आहेत, याला जास्त महत्त्व आहे.

तारा लावण्याआधी

हिरड्यांना सूज असेल, पू येत असेल, तर आधी त्यावर उपचार पूर्ण करून घ्या. सुजलेल्या हिरडीत दात सरकवले तर उरलंसुरलं हाडही झपाट्याने जातं. हाड आधीच थोडं कमी झालेलं असलं तरी, सूज आटोक्यात असेल तर हलका जोर लावून दात सरकवता येतात. तारा असताना हिरड्यांची साफसफाईही वरचेवर करून घ्यावी लागते. माझ्या डॉक्टरांनी ती दर तीन महिन्यांनी सांगितली होती आणि मी एकदाही टाळली नाही.

दुसरं काम, आपण घेतो त्या सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहून न्या. तोंडी सांगताना एखादं हमखास राहतं, आणि राहू नये तेच राहतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी, वर्षाची सलाईन किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालू असेल, किंवा पूर्वी घेतलेलं असेल, तर ते सांगायलाच हवं. ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही त्यातली नावं. ही औषधं हाडाची झीज रोखतात, त्यामुळे दात सरकायलाही अडतात. शिवाय दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, निकेलची ॲलर्जी, हेही त्याच कागदावर लिहा.

तोंडात आधी काय काय बसवलेलं आहे तेही विचारात घ्यावं लागतं. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्यात बसवलेला स्क्रू, हाडाला घट्ट जुळलेलं असतं, ते तारेने जागचं हलत नाही. उलट, बाकीचे दात ओढायला त्याचा आधार घेता येतो. ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असल्याने तसेच सरकत नाहीत. कॅपवर ब्रॅकेट चिकटवायची पद्धत वेगळी असते आणि तिथलं ब्रॅकेट सुटण्याची शक्यताही जास्त. काढता-घालता येणारी अर्धी कवळी असेल तर दात सरकले की ती बसेनाशी होते. तेव्हा मधल्या काळात चावायचं कसं, हा प्रश्न आधीच विचारून ठेवा.

पहिला आठवडा

तारा बसवताना दुखत नाही. दुखणं काही तासांनी सुरू होतं, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात उतरतं. ते धारदार नसतं. सगळा जबडा जड होतो, दातावर दात टेकवला की ठणका लागतो. वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. आयब्युप्रोफेन रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर त्रास देऊ शकतं, मूत्रपिंडावरही ताण आणतं. अशा वेळी बहुधा पॅरासिटामॉल सुचवतात, पण तुमच्यासाठी किती आणि केव्हा, हे तारा लावण्याच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा. रात्री ठणका लागल्यावर फोन कुणाला करायचा?

एक साधा उपाय मला फार उपयोगी पडला. सुरुवातीची तार निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. तोंडाच्या उबेत ती आपला मूळ आकार घ्यायला बघते, त्यातूनच दाताला ओढ बसते. गार पाण्याची चूळ भरली की तिचा जोर काही वेळ सैल पडतो. गरमागरम चहाने उलट होतं. मात्र हिरड्या मागे सरकून दातांची मुळं उघडी पडली असतील, तर गारव्याने दात शिवशिवतात. त्यांनी माठातल्याइतक्या थंड पाण्यावरच थांबावं आणि संवेदनशील दातांची टूथपेस्ट तारा लावण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून वापरायला लागावं. तिचा गुण यायला तेवढे दिवस लागतात.

मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी हा आठवडा जपून काढायचा. दुखतं म्हणून जेवण टाळलं आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीचं घेतलं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. चावता येत नसेल तर पातळ काहीतरी वेळेवर पोटात गेलंच पाहिजे.

तोंड येणं

ब्रॅकेट गालाला, ओठाला घासतात आणि तोंड येतं. मुलांची त्वचा आतून दोन आठवड्यांत रुळते. आपल्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, विशेषतः तोंड कोरडं असेल तर, कारण लाळ कमी म्हणजे घर्षण जास्त. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर लावायचं मऊ मेण, म्हणजे वॅक्स, लावायची युक्ती अशी : ब्रॅकेट आधी कापसाने किंवा टिश्यूने पूर्ण कोरडं करा. वॅक्सचा वाटाण्याएवढा गोळा बोटांत फिरवून मऊ करा, मग दाबून बसवा. ओल्या ब्रॅकेटवर वॅक्स टिकत नाही, बहुतेकांची तक्रार असते ती यामुळेच. जेवणाआधी काढा, झोपताना नवीन लावा. चुकून गिळलं गेलं तर घाबरू नका, अपाय होत नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. रक्तदाब असला तरी चालतं, पाणी गिळायचं मात्र नाही.

तारेचं टोक मागच्या दाढेपाशी गालात टोचायला लागलं तर पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ रबराने ते हलकेच दाताच्या बाजूला दाबा, वर वॅक्स लावा आणि दवाखान्यात फोन करा. घरी पक्कड चालवू नका. तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. तीन आठवड्यांनंतरही भरत नसलेली जखम दाखवलीच पाहिजे. या वयात तिला 'तारेमुळेच असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही.

साफसफाई

सगळ्यात जास्त वेळ आणि जीव इथे ओता. ब्रॅकेटभोवती थर साचला की आम्ल तयार होतं आणि तिथल्या एनॅमलमधले क्षार निघून पांढरे डाग पडतात. पुढे तीच कीड. उघड्या मुळांवर एनॅमल नसतंच, त्यामुळे तिथे कीड लवकर पोखरते. त्यात रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या कित्येक औषधांनी लाळ कमी होते, आणि आम्ल धुऊन काढायचं काम लाळेचंच असतं.

प्रथम जागा तयार करा. बेसिनपाशी उभ्याने अंदाजाने घासून भागत नाही. मी टेबलावर मोठं करून दाखवणारा आरसा ठेवला, त्यावर थेट पडेल असा दिवा लावला, जवळचं दिसायचा चष्मा घातला आणि खुर्चीवर बसून दात घासायला लागले. तेव्हा कुठे ब्रॅकेटच्या वरच्या कडेला काय साचतं ते नजरेला पडलं. लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्या. आधी हिरडी आणि ब्रॅकेट यांच्या मधला पट्टा, ब्रश तिरका धरून. मग ब्रॅकेटचा माथा, मग खालची कड. मग दाताची आतली बाजू, जी सगळे विसरतात. शेवटी बाटली धुवायच्या ब्रशसारखा तो बारका इंटरडेंटल ब्रश तारेच्या खाली वरून घाला, मग खालून. रात्रीची ही सगळी साफसफाई दहा मिनिटं घेते, घेऊ द्या. ब्रशचे केस तारेत अडकून लवकर फिस्कटतात, तसे दिसले की ब्रश बदला.

बोटांचे सांधे दुखत असतील तर तारेखालून फ्लॉस ओवणं फार जिकिरीचं होतं. त्यावर हट्ट धरू नका. वॉटर फ्लॉसर, म्हणजे पाण्याच्या बारीक धारेने फटी साफ करणारं यंत्र, आणि इलेक्ट्रिक ब्रश यांनी बोटांचं बरंचसं काम हलकं होतं. ब्रशची मूठ बारीक वाटली तर तिच्यावर फोमची नळी चढवा. टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. घासून झाल्यावर फेस थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं. तोंड कोरडं असणाऱ्यांनी जास्त फ्लोराइडची पेस्ट हवी का, हे डॉक्टरांना विचारावं. दिवसभर थोडं थोडं साधं पाणी पीत राहा. कोरड घालवायला गोड गोळ्या चघळणं म्हणजे किडीला आमंत्रण.

खाणं, बोलणं

खाण्याबद्दल कागदात बरंच असतं, म्हणून थोडक्यात. समोरच्या दातांनी तोडायचं बंद, सगळं बारीक चिरून मागच्या दाढांकडे न्यायचं. सफरचंद आणि गाजर किसून किंवा शिजवून. बर्फ, कडक दाणे, चिकट मिठाई नको. मात्र मऊ म्हणून नुसत्या पिष्टमय पदार्थांवर दिवस काढू नका. अंडी, दही, पनीर, शिजलेल्या डाळी रोज असू द्या. या वयात वजन उतरलं की त्याबरोबर स्नायूही उतरतात.

बोलताना पहिले काही दिवस ओठ मिटायला जागा कमी वाटते, प आणि म अडखळतात. तारा दातांच्या आतल्या बाजूने असतील तर स, श, त जास्त अडतात. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचा, जीभ शिकते. आणि लोकांशी बोलताना तोंडावर हात धरू नका. ही सवय लागली की सुटत नाही, आणि ऐकू कमी येणाऱ्या आपल्या वयाच्या माणसांना ओठ दिसणं गरजेचं असतं.

घाबरवणाऱ्या काही गोष्टी

दात थोडे हलायला लागतात. सरकणारा दात हलणारच, जागेवर आल्यावर घट्ट होतो. एखादाच दात फार डुगडुगत असेल किंवा हिरडीतून पू येत असेल तर मात्र लगेच जा. दाढा नीट एकमेकांवर टेकत नाहीत असं मधूनच वाटतं, तेही चालायचंच. वेडेवाकडे दात सरळ झाले की हिरडीलगत दोन दातांमध्ये काळी त्रिकोणी फट दिसू लागते. आधी ती दात एकमेकांवर चढल्यामुळे झाकलेली होती. दातांच्या कडा किंचित घासून ती कमी करता येते. हे होणार आहे, असं आधीच कळलेलं बरं असतं, म्हणून लिहिते आहे.

एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञाला तारांबद्दल आधीच सांगा. डोक्याच्या किंवा मानेच्या एमआरआयमध्ये धातूमुळे चित्र बिघडू शकतं, काही वेळा तार काढून ठेवावी लागते.

तारा निघाल्यावर सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर येतो, आणि हाड कमी असलेल्या तोंडात तो रात्रीचा कायमचाच धरून चाला. प्लास्टिकचा असेल तर गार पाण्यात धुवा, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. जेवताना काढला तर रुमालात गुंडाळू नका, डबीतच ठेवा. खालच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार असेल, तर तोच बारका ब्रश तिच्याखालीही रोज फिरवायचा.