हातावर चार इलेक्ट्रोड लावून स्ट्रेस कसा मोजायचा

रक्तातून वीज स्नायू-चरबीपेक्षा सहज जाते, म्हणून दर ठोक्याला हातात रक्त आलं की तिथला इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) जरासा उतरतो. जरासा म्हणजे मूळ आकडा काही दहा ओहम आणि ठोक्याचा बदल त्यातला साधारण 0.1 ओहम, त्यामुळे सगळी मारामारी नॉइजशीच, म्हणजे सिग्नलमधल्या नको असलेल्या गडबडीशी.

ईसीजीचे जेलवाले चिकट इलेक्ट्रोड चार घ्या, दोनावर भागवायला जाऊ नका, नाहीतर कातडीचाच इम्पिडन्स मोजत बसाल. बाहेरचे दोन कोपराजवळ आणि मनगटाजवळ, त्यातून 50 किलोहर्ट्झचा 1 मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट सोडायचा. आतले दोन अंगठ्याच्या बाजूला जिथे नाडी लागते त्या रेषेत, व्होल्टेज फक्त यांच्यावर. आधी स्पिरिटने पुसा, केस असतील तर काढा. एडी5933 या इम्पिडन्स मोजणाऱ्या चिपचा स्वस्त बोर्ड बरेच जण घेतात, पण ती चिप मुळात दोन वायरची, पुढे वेगळं सर्किट लावल्याशिवाय चार इलेक्ट्रोडना उपयोग नाही. सर्किटला जोडलेला लॅपटॉप बॅटरीवरच ठेवा, चार्जर काढून. पेसमेकरवाल्या माणसावर हे अजिबात करू नका.

सोबत ईसीजी घ्याच, कारण आर-पीकपासून (ईसीजीत दर ठोक्याला दिसणारं उंच टोक) नाडीची लाट हातात पोचायला किती वेळ लागतो हाच खरा कामाचा आकडा, स्ट्रेसमध्ये तो बहुतेक कमी होतो. सॅम्पलिंग 1000 हर्ट्झ ठेवा, म्हणजे सेकंदाला 1000 नोंदी, 250 ला दोन सॅम्पलमध्येच 4 मिलिसेकंद जातात आणि आपण शोधतोय तो फरक कधीकधी दहा-वीस मिलिसेकंदांचाच असतो.

आता टेस्ट, आणि लोक गडबड करतात ती इथेच. चहा-तंबाखू बंद, माणसाला हात हृदयाच्या लेव्हलला टेकवून दहा मिनिटं नुसतं बसवा, हाच तुमचा बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची मूळ स्थिती. मग 1022 मधून 13-13 वजा करायला सांगा, चुकला की पहिल्यापासून. पण तोंडाने बोलला की श्वास बदलतो, म्हणून बेसलाइनच्या शेवटी मिनिटभर त्याला साधे आकडे मोठ्याने मोजायला लावा आणि तुलना त्याच्याशी करा. परत विश्रांती, मग दुसरा हात मिनिटभर बर्फाच्या पाण्यात (हार्टचा त्रास असेल तर नको). हिशोबाच्या टेन्शनमध्ये हाताच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बर्फात मात्र सिम्पथेटिक नसा (ताणात शरीराला सज्ज करणारे मज्जातंतू) रक्तवाहिन्या आवळतात नि बीपी चढतं. दोन्ही ‘स्ट्रेस’ म्हणून एकाच सरासरीत टाकलेत तर हाती काहीच लागणार नाही.

मूठ आवळली, बोट हललं की तेवढे ठोके सरळ फेकून द्या, फिल्टरने ते सुधारत नाहीत. आणि कफने (बीपी मोजायच्या दंडाच्या पट्ट्याने) कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे आकडे जुळवून घेतल्याशिवाय, याला बीपी म्हणू नका.