‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ भारावूनही टाकते आणि वैतागही आणते, तेव्हा

दोस्तोव्हस्कीच्या या कादंबरीचा वैताग दोन प्रकारचा असतो: वाचताना होणाऱ्या दमछाकीचा आणि विचार न पटण्याचा. आधी पहिला निस्तरा. तो तसाच राहिला तर आपलं लेखकाशी नेमकं कुठे पटत नाही, हे कळतच नाही.

एका कागदावर नावं मांडून तो पुस्तकात ठेवा. तिघा कारामाझोव्ह भावांपैकी थोरला दिमित्री म्हणजेच मीत्या, मधला इव्हान, धाकटा अलेक्सेय म्हणजे अल्योशा; मीत्या जिच्या प्रेमात आहे ती अग्राफेना म्हणजे ग्रुशेंका. मधलं नाव आपल्यासारखंच वडिलांचं. खालीच तीन हजार रूबलांचा हिशोब ठेवा: कुणी कुणाला दिले, किती उडवले. बाराव्या खंडातला मीत्यावरचा, वडिलांच्या खुनाचा खटला याच रकमेभोवती फिरतो. इंग्रजीतून वाचत असाल तर गार्नेटचं १९१२ चं भाषांतर फुकट मिळतं. पेव्हियर-वोलोखोन्स्की यांचं १९९० चं जास्त खडबडीत आहे. दोन्हींतलं एक पान ताडून मगच निवडा.

पहिले दोन खंड संथ आहेत, तिथे थांबू नका. वकिलांची भाषणं भराभर वाचली तरी चालतील.

सगळा वेळ द्यायचा तो पाचव्या खंडाला. ‘ग्रँड इन्क्विझिटर’ (धर्मन्यायाधीश परत आलेल्या ख्रिस्ताला कैद करतो, ते प्रकरण) तेवढं सुटं वाचण्याची पद्धत आहे, पण त्याने फार नुकसान होतं. त्याआधीचं ‘बंड’ हे प्रकरण वाचायलाच हवं. खानावळीत इव्हान अल्योशासाठी चेरीचा मुरांबा मागवतो आणि मग लहान मुलांच्या छळाच्या हकिकती सांगत सुटतो. कुत्र्याच्या पायाला दगड लागला म्हणून एक जनरल आठ वर्षांच्या मुलावर, आईच्या डोळ्यांदेखत, शिकारी कुत्रे सोडतो. इव्हान विचारतो, त्याचं काय करायचं? गोळी घालायची? मठात राहणारा अल्योशा हळूच म्हणतो, ‘घालायची.’ इथे पुस्तक मिटा आणि निष्पाप मुलांच्या छळावर उभं राहिलेलं जग स्वीकारायचं कसं, या इव्हानच्या प्रश्नाला तुमचं उत्तर काय, ते दोन ओळींत लिहा. सहावा खंड त्यानंतर.

या सहाव्या खंडातच बरेच वाचक नाराज होतात. अल्योशाचे मठातले गुरू झोसिमा यांची शिकवण प्रवचनासारखी वाटते आणि इव्हानचा एकही मुद्दा खोडला जात नाही. हे उत्तर पुरेसं होईल का, याची धास्ती खुद्द लेखकाने १८७९ च्या एका पत्रात बोलून दाखवली होती. आमच्या मते प्रवचन म्हणून ते पुरत नाही. उत्तर पुढच्या प्रसंगांत शोधा: सातव्या खंडातली कांद्याची गोष्ट, नवव्यात मीत्याला स्वप्नात दिसणारं रडकं तान्हं बाळ, दहाव्यातली मुलं. मीत्याही इव्हानसारखाच मूल का रडतंय म्हणून विचारतो, पण लगेच काहीतरी करायला धडपडतो. हे तिन्ही वाचून झाल्यावर ‘बंड’ पुन्हा काढा आणि लिहिलेल्या दोन ओळी तपासा.

काही गोष्टी मात्र कितीही वाचलं तरी सलतातच. अकराव्या खंडात अल्योशाची तरुण मैत्रीण लीझा ज्यूंवरच्या बालहत्येच्या खोट्या आरोपाबद्दल विचारते, तेव्हा अल्योशा नुसतं ‘माहीत नाही’ म्हणतो. त्याला सबबी शोधू नका. समासात खूण करा.